उत्क्रांतीचा पाठ आणि घरातील स्वाध्याय

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ आहे. एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा 2023 मध्ये 1,800 हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी निषेधाचे पत्र काढले. वेळापूर, अकलूज, नातेपुते या बाजूच्या एखाद्या व्यापारी घरात मात्र हा वाद सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर आजोबा आणि नात यांच्यात रंगतो.

“माणूस माकडापासून झाला, तर आत्म्याचे काय?” हा आजोबांचा पहिला प्रश्न. आजच्या माकडापासून माणूस झाला, असे विज्ञान म्हणत नाही. दोघांचे पूर्वज एक, एवढेच म्हणते. पुढे आजोबा विचारतात, “एवढी रचना कर्त्यावाचून होईल का?” येथे मात्र ते परक्याचे शस्त्र उचलतात. जैन दर्शनाला जगत्कर्ता मान्यच नाही. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात कर्तृत्ववादाचे सविस्तर खंडन केले आहे. डार्विनच्या विरोधात तो युक्तिवाद आपण करावा, हे विचित्रच!

दुसरी चूक उत्साही मंडळींची. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतचा क्रम दाखवून ‘डार्विनने आमचेच सांगितले’ असे ते म्हणतात. तो क्रम जीवांच्या भेदांचा आहे. कर्मानुसार मनुष्याचा जीव पुन्हा एकेंद्रियातही जातो. जातींचा बदल हा निराळा विषय आहे.

खरी अडचण अवसर्पिणीची आहे. ऋषभदेवांची उंची 500 धनुष्ये, पुढे ती घटत गेली, असे शास्त्र सांगते. नात म्हणते, “आजोबा, मोरोक्कोत सापडलेले सुमारे 3 लाख वर्षांपूर्वीचे मानवी अवशेष आपल्याएवढ्याच माणसांचे आहेत.” यावर अनेकांताची छत्री उघडून ‘दोन्ही खरे’ म्हणणे सोपे, पण स्याद्वादात प्रत्येक विधानाची अपेक्षा सांगावी लागते. ती न सांगता नातीला गप्प बसवले, तर ती पुढच्या वेळी स्वाध्यायालाच बसणार नाही. ही हानी मोठी.

सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने 1943 मध्ये यतिवृषभांच्या ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यातील जंबूद्वीपाचा व्यास 1 लाख योजने. व्यासाला 10 च्या वर्गमुळाने गुणण्याच्या रीतीने परीघ 3,16,227 योजनांहून थोडा अधिक येतो. आजच्या पायने 3,14,159. फरक 2,068 योजनांचा. हा हिशेब आजोबांनी नातीकडून वहीत करून घ्यावा आणि मग दोघांनी पुढचे पान उलटावे. तेथे जंबूद्वीपाच्या दोन सूर्यांचा प्रश्न वाट पाहतच आहे.