बीडहून अंदमानला : विमानांची जोडणी आणि सूर्यास्ताची वेळ

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता झाली की बीड, आष्टी, कडा, परळी, अंबाजोगाई येथील जैन घरांतून प्रवासाचे बेत निघू लागतात. सम्मेतशिखर आणि पालिताणा ही नावे परंपरेने पुढे असतातच. अलीकडे त्यांत अंदमानची भर पडली आहे. काळाचा मेळही बरा जमतो. चातुर्मासात पुष्कळ श्रावक प्रवास टाळतात, आणि त्याच महिन्यांत अंदमानचा समुद्रही खवळलेला असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ दोन्ही दृष्टींनी सोयीचा.

बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. सर्वांत जवळचा छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ, सुमारे १३० किलोमीटरवर. तेथून अंदमानला थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली, हैदराबाद किंवा बंगळूर येथे विमान बदलावे लागते. परळी आणि अंबाजोगाईकडील मंडळींना रेल्वेने हैदराबाद गाठणे सोपे पडते. मात्र सिकंदराबाद स्थानकापासून शमशाबादचा विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, हे अंतर हिशेबात धरलेच पाहिजे. आष्टी व कडा भागातील कुटुंबे पुण्याचा विचार करतात. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडला अहिल्यानगरशी जोडणारी रेल्वेही सुरू झाली आहे. परंतु पहाटेचे विमान असेल तर गाडीचा रस्ताच बरा.

खरी कसोटी लागते ती विमान बदलताना. सर्व टप्पे एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असतील, तर सामान सहसा थेट अखेरच्या विमानतळावर जाते आणि पहिले विमान उशिरा पोहोचल्यास पुढची व्यवस्था करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन स्वतंत्र स्वस्त तिकिटे काढली, तर मधल्या विमानतळावर बाहेर येऊन सामान घ्यायचे, पुन्हा काउंटरवर द्यायचे, पुन्हा सुरक्षा तपासणी करायची. आणि काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो. अशा वेळी पहिले विमान चुकले तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडालेच म्हणून समजावे. दोन-तीन हजार रुपये वाचवण्यासाठी सहा जणांच्या कुटुंबाने हा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही. मुंबईत तर टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन यांच्यात रस्त्याने जावे लागते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचेही उद्घाटन झाले आहे. उतरण्याचे आणि चढण्याचे ठिकाण एकच आहे ना, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे. घरात गुडघेदुखीचे ज्येष्ठ असतील तर चाकाची खुर्ची तिकिटासोबतच नोंदवून ठेवावी.

फराळाच्या डब्यात खाखरे, ठेपले, शेव, मुगाची डाळ असा कोरडा जिन्नस निर्धास्त न्यावा. सुके खोबरे मात्र ज्वालाग्राही मानले जाते, म्हणून ते सामानात ठेवू नये. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, ती हातातील पिशवीतच हवी. काही कंपन्यांकडे जैन जेवण मिळते; ते आपोआप येत नाही, किमान २४ तास आधी नोंदवावे लागते.

या सर्वांपेक्षा महत्त्वाची, पण हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे सूर्य. पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीविजयपुरम झाले, बीडच्या सुमारे १७ रेखांश पूर्वेस आहे. एका रेखांशाला चार मिनिटे, म्हणजे सूर्य तेथे तासाहून अधिक पुढे चालतो. घड्याळ मात्र तेच, भारतीय प्रमाणवेळेचे. मोबाइलमधील वेळ बदलत नाही, त्यामुळे काही बदलले आहे याची जाणीवच होत नाही. डिसेंबरच्या मध्यास बीडला सूर्यास्त सहाला सात-आठ मिनिटे कमी असताना होतो; तेथे तो पाचच्या सुमारास होतो. मे महिन्याच्या अखेरीस हे अंतर आणखी वाढते. बीडला जवळजवळ सात, तेथे पावणेसहाच्याही आधी.

चौविहार पाळणाऱ्यांच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. भिंतीवरील पंचांगातील किंवा घरी छापून ठेवलेल्या कोष्टकातील वेळ तेथे लागू नाही. ज्या ठिकाणी माणूस आहे तेथील सूर्यास्त धरायचा, तर डिसेंबरात साडेचारलाच ताट वाढले गेले पाहिजे. पर्यटन कंपनीच्या कार्यक्रमात रात्रीचे जेवण आठला असते. स्वराजद्वीपहून, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकहून, दुपारच्या बोटीने परतणाऱ्यांचा सूर्यास्त समुद्रावरच होऊ शकतो. वर्षानुवर्षे अखंड चाललेला आजीचा नियम अशा एका संध्याकाळी नुसत्या गैरसमजाने मोडू शकतो. म्हणून आरक्षण करतानाच हॉटेलला चार वाजताच्या, कंदमूळविरहित जेवणाची लेखी मागणी करावी आणि परतीची बोट सकाळची घ्यावी. एक दिलासाही आहे. डिसेंबरात तेथे साडेपाचच्या आधीच उजाडते, त्यामुळे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांची नवकारशी सव्वासहालाच येते. दिवस पुढे सरकतो, लहान होत नाही.

सेल्युलर जेलमधील ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम संध्याकाळी असतो, तोही जेवण आटोपून शांतपणे पाहता येतो. ४ जुलै १९११ रोजी स्वातंत्र्यवीर सावरकर ‘महाराजा’ जहाजातून येथे आणले गेले. जेलच्या मूळ सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत.

परतताना मुलांच्या खिशांवर लक्ष ठेवावे. किनाऱ्यावर पडलेले प्रवाळ निर्जीव दिसले तरी वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते सोबत आणता येत नाही, आणि विमानतळावरील तपासणीत ते काढून घेतले जाते. कायदा नसता तरी अहिंसेच्या घरात वाढलेल्या मुलांना ते तेथेच ठेवायला सांगणे कठीण जाऊ नये. सकाळचे विमान मिळाल्यास सायंकाळी सहापूर्वी संभाजीनगरला उतरता येते. तेथून पुढे घरापर्यंतच्या तीन तासांच्या रस्त्यासाठी डब्यात थोडा खाखरा राहिलेला असावा, मात्र तो चिकलठाण्यातच, दिवस असताना खाऊन घ्यावा.