रंग न ओळखणारा कॅमेरा

शाळेच्या या स्मृतिव्याख्यानमालेच्या पुस्तिकेसाठी छायाचित्रणाविषयी काही लिहावे, अशी सूचना झाली तेव्हा मला नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न आठवला. खिशातला भ्रमणध्वनीही रंगीत चित्र काढतो. मग केवळ कृष्णधवल चित्र काढणारा, आणि तोही महागडा, कॅमेरा कोणी कशासाठी घ्यावा?

प्रश्न रास्त आहे. वस्तुतः डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक मुळातच रंगांध असतो. त्यावरील प्रत्येक सूक्ष्म बिंदू, म्हणजे पिक्सेल, आपल्यावर किती प्रकाश पडला एवढेच मोजतो. तो तांबडा की निळा, हे त्याला कळत नाही. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी यावर तोड काढली. तिचे पेटंट १९७६ सालचे. प्रत्येक पिक्सेलवर एक इवलीशी रंगीत गाळणी बसवायची: निम्म्या हिरव्या, पाव तांबड्या, पाव निळ्या. हिरव्या गाळणीखालच्या पिक्सेलला हिरवाच प्रकाश मिळतो. तेथे तांबडा व निळा किती असावा, हे शेजाऱ्यांवरून ठरवले जाते. म्हणजे रंगीत चित्रातील दोन-तृतीयांश माहिती अनुमानाची. अनुमान बहुधा बरोबर येते, ही गोष्ट वेगळी. परंतु गाळणीत अडलेला प्रकाश परत येत नाही. कॅमेऱ्यात ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडले म्हणून गाळण्या निघून जात नाहीत. आधी अनुमान होते, मग रंग पुसले जातात.

लायका कंपनीने २०१२ साली या गाळण्याच नसलेला ‘एम मोनोक्रोम’ काढला. त्यांच्या ‘एम ९’ या रंगीत कॅमेऱ्याइतकेच, १ कोटी ८० लाख पिक्सेल त्यात होते. मात्र मूळ संवेदनक्षमता आयएसओ १६० वरून ३२० झाली. निम्म्या उजेडात काम भागू लागले. समईच्या प्रकाशात आजीचा चेहरा टिपू पाहणाऱ्याला याचे मोल सांगावे लागत नाही.

खगोलशास्त्रज्ञांना यात नवल वाटणार नाही. जुन्नरजवळ गिरवली येथे पुण्याच्या ‘आयुका’ची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली सुरू झाली. अशा दुर्बिणींवरचा संवेदक रंगांधच ठेवतात. निळा व तांबडा प्रकाश यांच्या प्रमाणावरून ताऱ्याचे तापमान कळते. तेथे अनुमान चालत नाही. म्हणून संपूर्ण संवेदकापुढे एकच मोठी गाळणी धरून एकामागून एक चित्रे घेतात. तारा तेवढा वेळ देतो. अंगणात खेळणारे मूल देत नाही. त्यामुळे स्नेहसंमेलनासाठी रंगीत कॅमेराच घ्यावा, असे माझे मत आहे.

कृष्णधवल संवेदकाची खरी अडचण आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडच्या बागेत कळते. रंग गेला की पिकलेले संत्रे आणि त्यामागचे पान एकाच करड्या छटेत उतरू शकतात. भिंगापुढे नारिंगी काच लावली तर फळ उजळते, पाने काळवंडतात. हिरवी लावली तर उलट. रंगीत कॅमेरेवाला ही निवड घरी येऊन संगणकावर करतो. येथे ती झाडाखालीच करावी लागते, आणि चुकली तर त्या चित्रात दुरुस्ती नाही. शिवाय अतिप्रकाशाने पांढरा पडलेला भाग रंगीत संवेदकात एखादा रंग शाबूत असल्यास थोडाफार सावरता येतो. येथे तोही आधार नसतो. म्हणून बागेत मी प्रकाश थोडा कमीच घेतो आणि दोन्ही काचा खिशात ठेवतो.