टायर आधी सांगतो: जुन्या ट्रकचा पुढचा एक्सल बदलताना



आज फवारणी नाही, खत नाही. आपला कांदा मार्केटला नेणाऱ्या गाडीबद्दल लिहितोय. बऱ्याच जणांकडे जुने ट्रक आहेत, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

कंपनीच्या जुन्या सहाचाकी ट्रकचा पुढचा डावा टायर आतल्या बाजूने झिजत होता. ड्रायव्हरदादा दोनदा म्हणाले, "साहेब, गाडी डावीकडे ओढते." मी नवा टायर घेऊन दिला. दोन महिन्यांत तोही तसाच झिजला. गॅरेजला चाकं उतरवली तेव्हा कळलं, एक्सलच वाकलाय. मिस्त्रींनी तो रॉकेलने पुसला, कोरडा केला आणि वर खडू घासला. किंगपिनजवळ खडूवर काळी बारीक रेष उमटली. भेग! तशीच गाडी आपण कांदा भरून घाटातून चालवत होतो, केबिनमध्ये तीन माणसं. ड्रायव्हरचं ऐकलं नाही, ही चूक माझी.

*तापवून सरळ का नको?*
स्वस्तात होतं, म्हणून बरेच जण करतात. पण नांगराचा फाळ लोहाराने तापवला की त्याचं पाणी उतरतं, पुन्हा पाणी द्यावं लागतं, हे आपल्याला माहीत आहे. एक्सलचं पोलादही घडवून, पाणी देऊन तयार केलेलं असतं. गॅरेजात तापवलं की तिथेच ते नरम पडतं. वेल्डिंगच्या शेजारी पुन्हा भेग जाते. वाकलेला किंवा भेगाळलेला एक्सल भंगारातच द्या.

*दुसरा घेताना*
✅ "याच गाडीचा आहे" यावर विश्वास नको. जुना एक्सल सोबत न्या. दोन्ही पाट्यांच्या बैठकींमधलं अंतर, किंगपिनच्या भोकाचं माप आणि एक्सलवरचा नंबर जुळवा.
✅ जुन्या बाजारातला असेल तर दोरी ताणून वाक बघा. रॉकेल-खडूची तपासणी दुकानातच करा.
✅ किंगपिन, बुश, थ्रस्ट बेअरिंग नवीनच टाका.

*बसवताना उभं राहून बघा*
१. गाडी सपाट, पक्क्या जागेवर. मागच्या चाकांना ओट. चेसीखाली घोड्या लावल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये. नुसत्या जॅकवर गाडी कधीच सोडू नका.
२. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. पाट्याखाली पाचर असेल तर तिची जाड बाजू कुठे आहे ते खडूने लिहा. पाचर उलटी बसली तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही किंवा जड होतं.
३. पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात नीट बसलं पाहिजे. नाहीतर एक्सल तिरका राहतो.
४. यू-बोल्ट आणि नट नवीन. एकदम एक बाजू आवळू नका, आलटूनपालटून थोडं थोडं. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवल्यावर, मॅन्युअलमधल्या मापाने, टॉर्क पान्याने.
५. टायरॉड आणि ड्रॅग लिंकच्या नटांना नवीन स्प्लिट पिन. जुनी सरळ करून घालू देऊ नका.
६. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, ब्रेकचा होज कुठे ताणत किंवा घासत नाही ना. जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला तर हवा गळतेय.
७. मग अलाइनमेंट. ती न करता माल भरू नका.

*बसवल्यानंतर*
पहिली फेरी रिकामी. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. पाटे बसतात, बोल्ट थोडे ढिले पडतातच. किंगपिनला वेळेवर ग्रीस द्या.

आणि भरताना सगळ्या गोण्या केबिनकडे रेटू नका, तो भार पुढच्या एक्सलवर येतो. आरसी बुकात लिहिलंय तेवढंच वजन. ८ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतंच, पण खड्डे वर्षभर असतात. तपासणी आपणच करायची.

👉 आज घरी गेल्यावर पुढच्या दोन्ही टायरवरून हात फिरवा. एका बाजूने जास्त झीज लागली तर फोटो याच नंबरवर पाठवा. मी मिस्त्रींना दाखवून कळवतो. आणि ड्रायव्हर काही सांगत असेल तर पहिल्यांदाच ऐका.

– आपला कृषी सल्लागार 🌱