पिकांतून उमटणारे प्राचीन तट

भिंगारजवळचा भुईकोट किल्ला पाहणाऱ्यास तट म्हणजे काय व खंदक म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. निजामशाहीतील हा दगडी तट आजही उभा आहे. परंतु त्याहून कितीतरी प्राचीन असे मातीचे तट नांगराखाली सपाट झाले आहेत. ते डोळ्यांना दिसत नाहीत. मात्र काही वेळा उभे पीक त्यांचा ठाव सांगते.

यामागील कारण साधे आहे. बुजलेल्या खंदकात भुसभुशीत, कसदार माती साचलेली असते व तेथे ओल अधिक काळ टिकते. त्यामुळे त्यावरील पीक उंच वाढते व उशिरापर्यंत हिरवे राहते. याउलट गाडल्या गेलेल्या भिंतीवर मुळांना खोली मिळत नाही. पीक खुरटते व लवकर पिवळे पडते. पाऊस ओढ देतो तेव्हा हा फरक विशेष उठून दिसतो. जमिनीवरून तो विस्कळीत वाटतो, पण उंचावरून पाहता त्याच्या रेषा जुळतात. इंग्लंडमध्ये १९२५-२६ साली इन्सॉल या वैमानिकाने टिपलेल्या छायाचित्रांत गव्हाच्या शेतात ठिपक्यांची वर्तुळे उमटली. पुढे उत्खननात तेथे लाकडी खांबांचे खळगे मिळाले. नांगरटीने नाहीसे झालेले टेकड्यांवरील कित्येक प्रागैतिहासिक कोट त्या देशात याच पद्धतीने उजेडात आले आहेत.

महाराष्ट्रातील खोल काळ्या जमिनीत ओल सर्वत्र टिकून राहते. त्यामुळे अशा रेषा सहज दिसतीलच असे नाही. येथे दुसरी खूण अधिक उपयोगी पडते व ती शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कसण्याची ती 'काळी' आणि वसतीची ती 'पांढरी'. राख, शेण, हाडे व पडक्या भिंतींची माती मिसळून जुन्या वसतीच्या जागी पांढुरकी माती तयार होते. काळ्या रानात असे पांढरे टेकाड व त्यावर तांबड्या मातीवर काळी नक्षी असलेली खापरे आढळली, तर ती जागा तीन हजार वर्षांहूनही जुनी असू शकते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरेकाठचे दायमाबाद हे याचे ठळक उदाहरण होय. १९५८ साली उजेडात आलेल्या या स्थळाचे १९७९ पर्यंत तीन टप्प्यांत उत्खनन झाले. इ. स. पूर्व सुमारे १४०० ते १००० या जोर्वे काळात येथील वसतीभोवती बुरुजांसह मातीचा तट होता, असे त्यातून निष्पन्न झाले. या संस्कृतीस नाव देणारे जोर्वे हे गावही याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यात आहे. शेजारच्या पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे तर पुराचे पाणी वळविणारा कालवा व बांधही आढळला. शत्रू आणि पूर या दोहोंपासून गाव राखण्याची चिंता त्या काळीही होती, हे यावरून दिसते.

मात्र हीच पांढरी माती उत्तम खत म्हणून गाड्या भरभरून शेतात जाते, अथवा सपाटीकरणात टेकाड नाहीसे होते. तटाचा भराव व आजूबाजूची जमीन यांतील फरक एकदा यंत्राने मोडला की पुन्हा जुळत नाही. १९७४ साली दायमाबाद येथे एका ग्रामस्थास झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार वजनदार कांस्यमूर्ती मिळाल्या. परंतु त्या शास्त्रीय उत्खननातील थरांतून न मिळाल्याने त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले. वस्तू वाचली तरी तिची जागा हरवली, तर तिची साक्ष अपुरी पडते.

या दृष्टीने ग्रामपंचायतींवर विशेष जबाबदारी येते. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी जमिनीत आढळल्यास तो सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे, भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये बंधनकारक आहे. खापरांचा सडा वा पिकातील वर्तुळ मात्र निधी म्हणून कोणी मोजत नाही. म्हणूनच ते सर्वात आधी नष्ट होते. सपाटीकरणाचे वा माती उचलण्याचे काम हाती घेण्यापूर्वी पांढरीची पाहणी करणे, पुरातत्त्व विभागास कळविणे आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अशा जागेवर नेऊन खापर न उचलता त्याची नोंद करावयास शिकविणे, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. गावाचा पहिला इतिहास गावच्याच शिवारात आहे. तो वाचला जाण्यापूर्वी पुसला जाऊ नये.