आबा, प्लँचेट आणि देव: लहान भावंडांना काय सांगायचं?

हेडफोन लावून चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, तर आजचा एपिसोड तुमच्यासाठीच.

दोन महिन्यांपूर्वी आमचे आबा गेले. तेराव्यानंतर माझा चौदा वर्षांचा आतेभाऊ मोबाईलवर प्लँचेटचं ॲप उघडून बसला. "दादा, आबा बोलतील का रे?" मी पडलो इंजिनिअर. म्हटलं, "अरे वेड्या, रँडम अक्षरं येतात ती!" तो गप्प झाला. माझं उत्तर बरोबर होतं, पण त्याचा प्रश्न ॲपचा नव्हताच. आबा आता कुठे आहेत, हे त्याला विचारायचं होतं.

मग जरा वाचलं. 'स्पिरिटिझम' हा विचार मांडला ॲलन कार्देक या फ्रेंच शिक्षकाने. १८५७ मध्ये त्याचं पुस्तक आलं, प्रश्नोत्तरांचं. सुरुवातच देव म्हणजे काय इथून. तत्त्वं थोडक्यात अशी: देव सगळ्याचं मूळ कारण, आत्मा मरत नाही, जन्मोजन्मी सुधारत जातो, गेलेल्यांशी संपर्क होऊ शकतो, आणि परोपकाराशिवाय तरणोपाय नाही.

यातलं टेबल किंवा वाटी हलणं तपासता येतं. मायकेल फॅरेडेने १८५३ मध्येच टेबल हलवणाऱ्यांवर प्रयोग केला होता. माणसंच नकळत टेबल ढकलत होती. मुद्दाम फसवत नव्हती, हातच तसे वळत होते. वाटीवर बोट ठेवल्यावरही तेच होतं. देव, आत्मा हा मात्र श्रद्धेचा भाग, तो असा मोजता येत नाही. मुलांना हा फरक सरळ सांगावा.

मग देव शिकवायचा कसा? आपल्या शेजारीच बघा. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे मुलं चार वर्षं ज्ञानेश्वरी, गाथा, कीर्तन शिकतात. देवाची नुसती व्याख्या देऊन भागत नाही. पाठांतरात, टाळ धरण्यात, एकमेकांच्या पाया पडण्यात तो अंगवळणी पडतो.

रविवारी भावाला बाईकवर आळंदीला नेलं. इंद्रायणीच्या घाटावर बसलो. म्हटलं, "आबा कुठे आहेत, मला खरंच माहीत नाही. पण ते वारीत लोकांना पाणी वाटायचे, ते आपण करू शकतो."

"म्हणजे तुलाही माहीत नाही?" तो म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

ॲप अजून त्याच्या मोबाईलवर आहे. पण प्रश्न आता तो मला विचारतो.

तुमच्या घरी असा प्रश्न आला तर तुम्ही काय सांगता? व्हॉइस नोट नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!