सातमाशी आणि त्याच्याही अलीकडचे

‘सातमाशी’ हा शब्द आपल्या बोलीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याहून आधी जन्मलेल्या जिवासाठी रूढ शब्द माझ्या ऐकिवात नाही. तो जीव बहुधा जगतच नसे. आज 28 आठवड्यांपूर्वी जन्मलेली, किलोभर वजनही न भरणारी अर्भके श्वसनयंत्राच्या आधाराने वाचतात. 22 ते 25 आठवड्यांच्या टप्प्यात मात्र प्रश्न बिकट होतो. फुप्फुसे अपरिपक्व, मेंदूत रक्तस्राव होण्याचे आणि दृष्टी जाण्याचे भय. श्वास द्यावा, की आईच्या उबेत वेदनेविना जाऊ द्यावे?

2018 साली सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तीस, पुढे असाध्य अवस्था आल्यास उपचार नकोत, असे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार दिला. अर्भकाने कोठे लिहावे? आईबापांनी सांगावे, हे योग्यच; पण ऐन कळांमध्ये, चार वाक्यांत, आणि कदाचित परक्या भाषेत? न उमजता उमटवलेल्या अंगठ्याला मी संमती मानीत नाही.

शिवाय आठवड्यांची ही रेषा सर्वत्र एक नाही. नवजात अतिदक्षता विभाग हाताशी असेल तेथे ती अलीकडे सरकते. मुंबईत ज्या बाळासाठी वैद्य आणि आईबाप विचार करीत बसतात, तशाच बाळाचा निर्णय चिंताकीहून बीदरच्या वाटेवर, वाहनातच लागून जातो.