लेखांक अकरावा : काट्याला न दिसणारा फरक

रायफलीच्या नळीच्या मुखाशी होणाऱ्या कंपनाचे विवेचन या आठवड्यात पुरे करावयाचे होते. परंतु मध्यंतरी साताऱ्याच्या एका वाचकांचे जे तपशीलवार पत्र हाती आले, त्यातील प्रश्न इतका मार्मिक आहे की कंपनाचे प्रकरण आणखी आठवडाभर तहकूब ठेवणेच मला उचित वाटते. या गृहस्थांनी पॉइंट टू-टूची पाचशे काडतुसे सोनाराच्या काट्यावर एकेक करून तोलली, दहा-दहा मिलिग्रॅमच्या अंतराने त्यांचे सहा गट पाडले, प्रत्येक गट निराळ्या डबीत जपून ठेवला, आणि मग पन्नास मीटरवर बार काढून पाहिले, तो तोललेल्या आणि न तोललेल्या काडतुसांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरील छिद्रांचा पसारा, जवळजवळ सारखाच आला. 'माझ्या श्रमांत उणे ते काय राहिले?' असे ते विचारतात.

उणे श्रमांत काही नाही, काट्याकडून केलेल्या अपेक्षेत आहे. अखंड काडतुसाचे वजन साधारणतः ३.३ ते ३.४ ग्रॅम, त्यातील ४० ग्रेनची शिशाची गोळीच २.६ ग्रॅमची, उरलेले बहुतेक वजन पितळी टोपणाचे, आणि ज्या दारूवर गोळीचा वेग अवलंबून ती जेमतेम सत्तर-ऐंशी मिलिग्रॅम. म्हणजे एखाद्या काडतुसात दारू दोन मिलिग्रॅमने कमी पडली आणि त्याच वेळी पितळ तेवढेच जास्त भरले, तर काटा ते काडतूस निर्दोष काडतुसासमान असल्याचा निर्वाळा देईल. आणि दारू अगदी बरहुकूम असूनही केवळ टोपण जड म्हणून एखादे निर्दोष काडतूस दुसऱ्या डबीत जाऊन पडेल. सहा गटांच्या सीमा जेथे दहा मिलिग्रॅमच्या, तेथे दोन मिलिग्रॅमची ती महत्त्वाची उणीव सापडावी कशी?

ती महत्त्वाची का, हे हिशेबानेच पाहू. स्पर्धेचे चांगले काडतूस ध्वनीच्या वेगाखाली, सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने गोळी सोडते. पन्नास मीटरचे अंतर काटण्यास तिला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो आणि तेवढ्या अवधीत गुरुत्वाकर्षणाने ती सुमारे १३ सेंटिमीटर खाली येते. दारू कमी-जास्त झाल्याने वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला की हे उतरणे सुमारे आठ मिलिमीटरने बदलते. आता लक्ष्यपत्रिकेकडे पाहावे : दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, नऊच्या वर्तुळाचा २६.४, म्हणजे एका कडीपासून दुसरीपर्यंतचे अंतर बरोबर आठ मिलिमीटर. नेमबाजाचा हात, श्वास आणि ट्रिगरवरील बोट निर्दोष असतानाही केवळ वेगातील या तफावतीने त्याचा एक गुण जाऊ शकतो. २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी पन्नास मीटर प्रोन प्रकारात साठ गोळ्यांत ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विजेतेपद पटकावले. सबंध डावात अवघे तीन गुण गमावण्याची जेथे मुभा, तेथे काडतुसाच्या एकसारखेपणाला किती मोल असते, हे यावरून उमगावे.

वजनाऐवजी रिमची, म्हणजे टोपणाच्या बुडाशी असलेल्या कडेची, जाडी मोजावी, असा दुसरा एक पक्ष आहे, आणि त्याच्या म्हणण्यात अधिक तथ्य आहे. आपल्या या काडतुसाला मधोमध निराळी प्रायमर-टोपी नसते. स्फोटक लेप ओलसर स्थितीत टोपणात घालून, टोपण वेगाने फिरवून तो रिमच्या पोकळीत पसरवलेला असतो, आणि नळीच्या मागील तोंडाशी काडतूस अडून राहते तेही याच रिमवर. मिलिमीटरभर जाडीची ती कड पातळ निघाली तर काडतूस किंचित सैल बसते, फायरिंग पिनचा आघात काही अंशी वाया जातो आणि प्रज्वलन दर वेळी निराळे होते. मी स्वतः दोन हिवाळे हा उद्योग केला आहे. सरावाच्या स्वस्त काडतुसांतून अतिशय पातळ आणि अतिशय जाड रिमची काडतुसे बाजूस काढली, तेव्हा ग्रुपपासून दूर भरकटणाऱ्या गोळ्या खरोखरच कमी झाल्या. उंची काडतुसांत मात्र काडीचाही फरक आढळला नाही, कारण ती निवड कारखान्यातच झालेली होती. शिवाय लेप आत सर्वत्र सारखा पसरला आहे की नाही, हे कोणत्याही गेजला कळत नाही.

म्हणून माझा फैसला असा, की घरी बसून वाईट काडतुसाचे चांगले काडतूस करता येत नाही. आपल्या रायफलीला मानवणारा लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेला तयार झालेला काडतुसांचा साठा, मात्र शोधता येतो. एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे, एकाच किमतीचे दोन लॉट एकाच नळीतून निरनिराळे वागतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. याच कारणास्तव बर्मिंगहॅमचा एली कारखाना डबीवर लॉटचा क्रमांक आणि त्याचा वेग छापतो, आणि जर्मनीत शोनेबेक येथे लापुआच्या चाचणीगृहात नेमबाजाची रायफल शिकंज्यात पकडून एकामागून एक लॉट तपासले जातात. काहीजण साच्यात दाबून गोळीचा आकार सुधारू पाहतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हे करू नये, कारण भरलेल्या काडतुसाच्या रिमवर पडलेला दाब वा आघात म्हणजे स्फोटाला आमंत्रण होय.

साताऱ्याच्या वाचकांनी आता काटा बाजूस ठेवून तीन निरनिराळ्या लॉटच्या दोन-दोन डब्या घ्याव्यात, रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून वारा नसलेल्या एकाच सकाळी प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे पाच ग्रुप काढावेत, आणि लॉट बदलताना पहिल्या पंधरा-वीस गोळ्या हिशेबात धरू नयेत. नळीत आधीच्या गोळ्यांचे वंगण साचलेले असते आणि नव्याचा थर बसेपर्यंत गोळ्या इकडेतिकडे जातात. अशी पाहणी अन्य वाचकांनीही केल्यास लॉटचा क्रमांक व त्या दिवसाचे तापमान नोंदवून लक्ष्यपत्रिका माझ्याकडे धाडाव्यात; मात्र त्या मूळच असाव्यात, नकला पाठवू नयेत.